कापूर, बोरोहायड्राइड आणि 'एकच ट्रिक'

परवा रात्री पावणेअकराला भाचीचा मेसेज आला, "मावशी हे बरोबर आहे ना गं? गुरुवारी कापराचं रिडक्शन आहे आणि व्हायवाला हेच विचारतात म्हणे." (रिडक्शन म्हणजे इथे कापरावर हायड्रोजन चढवून त्याचा अल्कोहोल करणं.) खाली हाताने लिहिलेल्या नोट्सचा फोटो, लाल पेनाने चौकटी, आणि वर ती 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स'ची दुहेरी बाणाची खूण. तिच्या एम.एस्सी. पार्ट वनच्या ग्रुपवर आलं होतं, तिथून अजून दोन कॉलेजांच्या ग्रुपवर गेलं, दुसऱ्या दिवशी माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानेही मला तेच पाठवलं (तो हसत होता, मला हसू आलं नाही).

तर त्या फोटोत म्हटलंय ते थोडक्यात असं. एक, सायक्लिक कीटोनवर (रिंगमध्ये कार्बोनिल, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचा डबल बाँड असलेला रेणू) छोटा रिएजंट म्हणजे सोडियम बोरोहायड्राइड किंवा एलएएच (दोन्ही हायड्राइड, म्हणजे हायड्रोजन देणारे) टाकला की कायम स्टेबल अल्कोहोल मिळतो, मोठा टाकला की अनस्टेबल, अपवाद नाही. दोन, स्टेबल म्हणजे ट्रान्स (दोन ग्रुप रिंगच्या विरुद्ध बाजूंना) म्हणजे इक्वेटोरियल (रिंगच्या कडेने बाहेर), अनस्टेबल म्हणजे सिस (एकाच बाजूला) म्हणजे रिंगला उभा, अ‍ॅक्सियल. तीन, प्रॉडक्ट कायम रेसेमिक (दोन आरसारूपांचं निम्मं-निम्मं मिश्रण). चार, एलएएच आणि बोरोहायड्राइड सेमच, बोरोहायड्राइड फक्त स्वस्त, आणि रिअ‍ॅक्शन संपली की दोन्हीत "भरपूर पाणी ओतून क्वेंच करा" (उरलेला रिएजंट मारून टाका). पाच, टीएलसीवर (पदार्थ प्लेटवर ठिपक्यांत वेगळे करायची चाचणी) युव्हीखाली एक स्पॉट दिसला म्हणजे एकच आयसोमर (तेच अणू, वेगळी मांडणी).

चौथ्यापासून सुरू करते, कारण बाकीच्या चुकांनी मार्क जातील, या चुकीने डोळे जातील.

एलएएच म्हणजे लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड. त्याच्या एका रेणूत चार हायड्राइड, प्रत्येक हायड्राइड पाण्याशी भिडला की एक हायड्रोजनचा रेणू सुटतो. मोलर मास ३८, म्हणजे एक ग्रॅम एलएएचमधून साधारण अडीच लिटर हायड्रोजन निघतो, आणि तोही भरपूर पाणी एकदम ओतलं तर एका क्षणात, वर प्रचंड उष्णता. आणि हे सगळं कशात चाललेलं असतं, तर ईथरमध्ये, जो पस्तीस अंशांच्या आतच उकळायला लागतो, म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात तर बाटलीतच उकळायच्या बेतात असतो. आता यात पाण्याचा बीकर उपडा करा असं लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यात एलएएचचा डबा उघडलेला नाही हे मी लिहून देते.

मी नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षी आमच्या लॅबमध्ये एका मुलाने घाईत बर्फाचे तुकडे टाकले होते. पाणीसुद्धा नाही, बर्फ, म्हणजे त्याला वाटलं थंडच आहे ना. फ्युम हूडची काच खाली होती म्हणून त्याचा चेहरा वाचला, भुवया मात्र महिनाभर नव्हत्या. आणि त्यात दुसऱ्याने धावत जाऊन कार्बन डायऑक्साइडचा एक्स्टिंग्विशर आणला, तोसुद्धा एलएएचवर चालत नाही, उलट त्याच्याशीच रिअ‍ॅक्ट होतो, शेवटी कोपऱ्यातली कोरड्या वाळूची बादली कामाला आली जिच्यात तोवर सगळे चहाचे कप टाकायचे.

बरोबर पद्धत नवीन नाही, अवघडही नाही. फ्लास्क बर्फाच्या बाथमध्ये, अजून ईथर घालून पातळ करायचं, जास्तीचा एलएएच हवं तर आधी थोड्या इथाइल अ‍ॅसिटेटने थेंब थेंब मारायचा, आणि मग लॅबमध्ये ज्याला फीझर वर्कअप म्हणतात ते: जितके ग्रॅम एलएएच घेतलं तितके मिली पाणी, थेंबाथेंबाने, मग तितकेच मिली १५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, मग तिप्पट मिली पाणी. एक ग्रॅमला एक, एक, तीन. 'भरपूर' कुठेच नाही. नीट केलं तर पांढरा रवाळ साका बसतो आणि सरळ गाळता येतो, पाणी ओतलं तर (समजा वाचलात) अ‍ॅल्युमिनियमची अशी चिकट खळ होते की संध्याकाळपर्यंत गाळत बसा.

बोरोहायड्राइड सौम्य आहे हे खरं, तो मेथनॉलमध्ये चालतो, एस्टरला सहसा हात लावत नाही, म्हणून कॉलेजात वापरतात, फक्त स्वस्त म्हणून नाही. पण त्याच्याही रेणूत चारच हायड्राइड आहेत. शेवटी अ‍ॅसिड घालताना जे फसफसतं तो हायड्रोजनच, आणि शेजारच्या टेबलावर हमखास कुणाचा तरी बर्नर चालू असतो. भाचीला एवढंच सांगितलं की तुझ्या प्रॅक्टिकलमध्ये एलएएच नाहीये, पण उन्हाळ्यात इंटर्नशिपला जाशील तिथे असेल, आणि तेव्हा हा फोटो डोक्यात राहिलेला नको.

आता ट्रिककडे.

मान्य करते, नाइलाजाने, की पहिल्या ओळीत अर्धं खरं आहे. साध्या सायक्लोहेक्झानोनवर (सहा कार्बनांच्या रिंगचा कीटोन), आजूबाजूला गर्दी नसेल तर, छोटा हायड्राइड मुख्यतः इक्वेटोरियल अल्कोहोल देतो आणि मोठा अ‍ॅक्सियल देतो. ४-टर्ट-ब्यूटिल सायक्लोहेक्झानोन घ्या, त्यातला टर्ट-ब्यूटिल हा कार्बनांचा गुच्छ इतका मोठा की तो चेअरला (रिंगचा खुर्चीसारखा आकार) उलटू देत नाही, म्हणून सगळे अभ्यास त्याच्यावर. एलएएचने सुमारे ९० टक्के ट्रान्स. आणि हर्बर्ट ब्राउन व कृष्णमूर्ती यांनी १९७२ मध्ये एल-सिलेक्ट्राइड आणलं, बोरॉनवर तीन सेकंडरी ब्यूटिल लटकवलेला भलामोठा हायड्राइड, त्याने शून्य अंशाला ९३ टक्के सिस, उणे ७८ ला ९६ च्या वर. २-मिथाइल सायक्लोहेक्झानोनवर (मिथाइल म्हणजे एक कार्बन, तीन हायड्रोजन) तर ९९ च्या पुढे सिस. त्यामुळे ज्याने नोट्स लिहिल्या त्याने ही दोन उदाहरणं पाहिली आणि नियम बनवला, इथपर्यंत ठीक.

घोळ 'स्टेबल' या शब्दात आहे. ट्रिक म्हणते छोटा रिएजंट स्टेबल प्रॉडक्ट 'निवडतो'. अरे पण निवडणार कसा? हायड्राइड एकदा कार्बनवर बसला की या परिस्थितीत परत सुटत नाही, दोन्ही अल्कोहोल एकमेकांत बदलू शकत नाहीत, मग कोण जास्त आरामात आहे हे विचारायला वेळच कुठे मिळतो. कुठल्या बाजूने लवकर पोचला तेवढाच प्रश्न. आणि याचा पुरावा साठ-सत्तर वर्षं जुना आहे. अर्नेस्ट एलिएल यांनी पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतल्या नोत्रदाम विद्यापीठात हेच दोन अल्कोहोल अ‍ॅल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइडबरोबर ठेवून त्यांना खरोखर एकमेकांत बदलू दिलं, समतोल होईपर्यंत. तेव्हा ट्रान्स आलं सुमारे ८० टक्के. आता सांगा, निव्वळ स्थिरतेवर सोडलं तर ८०, आणि एलएएच देतो ९०. स्थिरता जेवढं देऊ शकते त्याच्याहून जास्त. म्हणजे कारण स्थिरता नाहीच, दुसरंच काहीतरी आहे. मला तर या एका आकड्यानंतर पुढे वाद घालायची गरजच वाटत नाही, पण ग्रुपवर लोक "सर म्हणाले" वर अडून बसतात म्हणून पुढे लिहितेय.

ते दुसरं काहीतरी असं. चेअरमधल्या कार्बोनिलकडे दोन वाटा. अ‍ॅक्सियल वाटेवर ३ आणि ५ नंबरच्या कार्बनांवरचे अ‍ॅक्सियल हायड्रोजन उभे आहेत, त्यांच्यामधून जावं लागतं. इक्वेटोरियल वाट वरवर मोकळी दिसते, पण त्या बाजूने नवा बाँड तयार होताना तो शेजारच्या २ आणि ६ वरच्या अ‍ॅक्सियल सी-एच बाँडच्या जवळजवळ समोरासमोर येतो आणि त्याचा ताण पडतो, टॉर्शनल स्ट्रेन. हे फेल्किन आणि शेरेस्ट यांनी १९६८ मध्ये मांडलं. छोटा हायड्राइड त्या दोन हायड्रोजनांमधून अंग चोरून जातो आणि ताण टाळतो, अ‍ॅक्सियल बाजूने आला की ओएच (अल्कोहोलचा ऑक्सिजन-हायड्रोजन) इक्वेटोरियल होतो. सिलेक्ट्राइडसारखं धूड त्या फटीत मावतच नाही, ते ताण सोसून दुसऱ्या बाजूने येतं. (चिप्लॅकने १९८१ मध्ये वेगळं, इलेक्ट्रॉनिक कारण दिलं आणि त्यावर लोक कित्येक वर्षं भांडले, पण 'स्टेबल म्हणून' या बाजूने त्यांच्यातलं कोणी नव्हतं.) आणि त्या वाटेवर हायड्रोजनऐवजी मिथाइल उभा केला, म्हणजे ३,३,५-ट्रायमिथाइल सायक्लोहेक्झानोन, की एलएएचसारखा छोटा रिएजंटही निम्म्याहून जास्त अ‍ॅक्सियल अल्कोहोल देतो. अपवाद नाही म्हणे.

आणि सगळ्यात मोठी गंमत, ज्या प्रॅक्टिकलसाठी हे फिरतंय ते कापराचं आहे!

कापराला चेअर नाहीच. दोन रिंगा एकमेकींत अडकलेल्या, वर एका कार्बनचा पूल आणि त्या पुलावर दोन मिथाइल. त्यातला एक मिथाइल कार्बोनिलच्या एक्झो (पुलाकडच्या) बाजूवर छत्रीसारखा येतो, त्यामुळे हायड्राइड खालून, एंडो बाजूने घुसतो आणि ओएच वर ढकलला जातो, एक्झो. हा आयसोबोर्निऑल. बोरोहायड्राइडने तो साधारण ८५ टक्क्यांच्या आसपास मिळतो, एलएएचने ९० च्या आसपास. आणि दोघांत स्टेबल कोण? बोर्निऑल, दुसरा! कारण आयसोबोर्निऑलचा ओएच त्या मिथाइलला घासत बसतो. म्हणजे छोट्यात छोटा रिएजंट, आणि मिळाला कमी स्टेबल अल्कोहोल. ट्रिक लावून गेली असती तर भाचीने जर्नलमध्ये मेजर प्रॉडक्ट बोर्निऑल लिहिलं असतं. तेच पुलावरचे मिथाइल काढून टाका, नॉरकॅम्फर घ्या, हायड्राइड लगेच वरून येतो आणि एंडो अल्कोहोल मिळतो. रिएजंट तोच आहे, फक्त छत्री काढली.

(जाता जाता, देव्हाऱ्यात जळतो तो कापूर हल्ली बहुतेक टर्पेंटाइनच्या पायनीनपासून बनतो आणि त्या रस्त्यात आयसोबोर्निऑलचंच ऑक्सिडेशन करून कापूर करतात, म्हणजे ही मुलं प्रॅक्टिकलला फॅक्टरीची शेवटची पायरी उलटी चालतात. आणि मूळचा भीमसेनी कापूर, बोर्निओकडच्या झाडाचा, तो रेणूने कापूर नाहीच, बोर्निऑल आहे. आज त्या नावाने बाजारात काय विकतात तो वेगळा विषय.)

दुसऱ्या ओळीवर दोनच वाक्यं घालवते. सिस-ट्रान्स म्हणजे दोन ग्रुप रिंगच्या एका बाजूला की विरुद्ध, अ‍ॅक्सियल-इक्वेटोरियल म्हणजे चेअरमधली जागा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, १,४ मध्ये आणि १,२ मध्ये दोन्ही इक्वेटोरियल म्हणजे ट्रान्स हे बरोबर पण १,३ मध्ये दोन्ही इक्वेटोरियल म्हणजे सिस. ३-मिथाइल सायक्लोहेक्झानोनवर एलएएच टाकला की मुख्य प्रॉडक्ट सिस येतो, इक्वेटोरियल ओएचचाच, आणि नोट्स पाठ केलेला मुलगा आत्मविश्वासाने ट्रान्स लिहून येतो.

तिसरी, रेसेमिक. ४-टर्ट-ब्यूटिलचे दोन्ही अल्कोहोल कायरल (आपल्या आरशातल्या प्रतिमेहून वेगळे) नाहीतच, १ आणि ४ नंबरच्या कार्बनमधून आरसा जातो, तिथे रेसेमिक म्हणणंच चूक. झाडाचा कापूर घेतला तर अल्कोहोलही एकाच आरसारूपाचा, ऑप्टिकली अ‍ॅक्टिव्ह येणार. फक्त सिंथेटिक कापूर सहसा रेसेमिक असतो, त्यामुळे कॉलेजच्या स्टोअरमधल्या डब्यापुरतं ते वाक्य चुकून खरं ठरू शकतं, नोट्सवाल्याला त्याचं श्रेय नको.

पाचवी, टीएलसी. युव्हीखाली काय दिसणार? साधा सॅच्युरेटेड अल्कोहोल आहे, ना डबल बाँड ना बेंझिनसारखी रिंग, दिव्याखाली प्लेट कोरी. आयोडीनच्या बरणीत ठेवा किंवा अ‍ॅनिसाल्डिहाइड फवारून गरम करा तेव्हा दिसेल. आणि सॉल्व्हंट नीट जुळला नाही तर दोन्ही आयसोमर एकाच ठिपक्यात बसतात. मेल्टिंग पॉइंटवरही भिस्त नको, दोघांचे दोनशेच्या थोडे वर, जवळजवळच, आणि कॅपिलरी बंद केली नाही तर माल आधीच उडून जातो. प्रोटॉन एनएमआर (रेणूतले हायड्रोजन ओळखणारी चाचणी) काढा, ओएचच्या कार्बनवरचा हायड्रोजन आयसोबोर्निऑलला ३.६ पीपीएमच्या आसपास, बोर्निऑलला ४.० च्या आसपास, दोन्हींचं इंटिग्रेशन (सिग्नलचं क्षेत्रफळ) घ्या आणि गुणोत्तर हातात. मशीन कॉलेजात नसेल तर सॅम्पल बाहेर पाठवतातच की, सगळ्या बॅचचं मिळून एक पाठवा.

हे सगळं मी भाचीला व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं, साडेसात मिनिटांचा झाला. तिचं उत्तर आलं, "मावशी, पण परीक्षेत सर ट्रिकचंच उत्तर धरतात." तिला म्हटलं मग मिथाइलवाली छत्री काढून दाखव, आकृतीला मार्क कापणं अवघड जातं. फोटो ग्रुपवर टाकणाऱ्यालाही मेसेज केला, तो म्हणाला "मॅडम, ऐंशी टक्के केसेसमध्ये चालते ना ट्रिक." त्याला विचारलं ते क्वेंचचं किती टक्के चालतं. त्याने मेसेज सीन करून ठेवलाय, पोस्ट अजून तशीच आहे.