काका, गेर हे औषध नाही

रंगपंचमी जवळ आली आणि आमच्या नात्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला: ‘ऑटिझमचं मूल घरात ठेवून बिघडतं. गर्दीत न्या, रडलं तरी जागचे हलू नका, कानांवर काही लावू नका. दोन महिन्यांत सुटतं.’ खाली हात जोडलेले. ताईच्या मुलाला ऑटिझम आहे. काकांनी तो मेसेज तिला वेगळा पाठवला, वर लिहिलं, ‘यंदा गेरला आणच त्याला.’ रात्री ताई मला विचारते, ‘मीच लाडावून ठेवलाय का रे?’ मग मात्र माझं डोकं फिरलं.

गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, काय असते हे इंदूरकराला सांगायला नको. राजवाड्यासमोर टँकरमधून उडणारा रंग, गुलालाचे ढग, डीजे, मुंगीला वाट नाही. मला आवडते. माझा सात वर्षांचा भाचा मात्र शेजारचा मिक्सर लागला तरी कान झाकतो. आवाज, उजेड, स्पर्श फार जास्त किंवा फार कमी जाणवणं हे आईच्या लाडानं येत नाही. डॉक्टर ज्यावरून निदान करतात त्या २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये ते ऑटिझमच्या निकषांतच आहे.

आणि ‘रडलं तरी हलू नका’? हट्ट करणारं मूल मधूनच डोळे किलकिले करून बघतं, आई बघतेय ना. मेल्टडाउनमधलं, म्हणजे आवाज-गर्दी असह्य होऊन कोलमडलेलं मूल कुणाकडेच बघत नाही, हवं ते हातात दिलं तरी थांबत नाही. तिथं उभं राहून जिंकायचं कुणाशी? मागे एका लग्नात आम्ही हा पराक्रम केलाय. बँड संपेपर्यंत थांबलो. पुढे तीन महिने नवे कपडे काढले की हा जिन्यात जाऊन बसायचा.

आवाज अडवणाऱ्या हेडफोनची सवय लागते म्हणे. लागू दे, चष्म्याचीही लागते. लशीमुळे ऑटिझम होतो, ही ओळही आहेच मेसेजमध्ये. ती अफवा ज्या १९९८ च्या लेखातून उठली, तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानंच २०१० मध्ये मागे घेतला. पुढे.

एक मान्य करतो, नाइलाजानं: कोंडून ठेवणं चूकच. लोकांच्या नजरांना कंटाळून ताईनं काही महिने तेही केलं. पण बाहेर नेतात कसं? चिडियाघरला आम्ही पहिल्या दिवशी फक्त फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. दुसऱ्यांदा पक्ष्यांपर्यंत, वीस मिनिटं, आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळी उघडल्या उघडल्या. आदल्या रात्री मोबाईलवर क्रमानं फोटो दाखवलेले: गाडी, फाटक, पोपट, घर. ‘घर’ हा फोटो सगळ्यात महत्त्वाचा, संपणार कधी हे त्याला कळतं. मनगटावर ताईचा नंबर. मी गाडीपाशी, म्हणजे निघायचं तर लगेच. तो हसत बाहेर आला तेव्हा आम्हाला अजून थांबावंसं वाटत होतं. थांबलो नाही.

रविवारी सकाळी सातला छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे खायला जातोय, शेव वेगळ्या वाटीत. काकांनी जरूर यावं. फक्त लांबून हाक मारू नये.