पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढत नाही, मावशी

2021च्या एप्रिलात गावभर फिरलेला मेसेज या थंडीत आमच्या फॅमिली ग्रुपवर पुन्हा आला. मावशीकडून, हात जोडलेल्या तीन इमोजींसह. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरी तेलाचे थेंब घालून पुरचुंडी बांधा, दिवसभर हुंगा, ऑक्सिजनची पातळी वाढते; लडाखला पर्यटकांना हीच देतात, अँब्युलन्समध्येही ठेवतात.

‘पातळी वाढते.’ कशाने? हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो आणि पुरचुंडी त्यात काडीची भर घालत नाही. ही हवा फुप्फुसातल्या कोट्यवधी वायुकोशांपर्यंत पोचते. कोशाची भिंत इतकी पातळ, की तिच्यापाशी रक्त जेमतेम पाऊण सेकंद असतं आणि त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच ते ऑक्सिजनने जवळजवळ भरून जातं. धडधाकट माणसाच्या रक्तात ही पातळी 95 ते 100 टक्के असते. भरल्या हंड्यात आणखी किती ओतणार? आणि न्यूमोनियात वायुकोशच पाण्याने भरले, तर अडचण त्या भिंतीपाशी आहे. नाकाशी कापूर धरून काय होणार?

‘अरे, पण मी मोजलंय, 96चे 98 झाले!’ हे मावशीचं. खोटं नाही ते. तिच्या घरी गेलो तेव्हा ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला आणि धुतलेला कोरा रुमाल हुंगायला दिला. दहा-बारा सावकाश श्वास. 98. हुंगायचं म्हटलं की माणूस ताठ बसतो, छाती भरून श्वास घेतो, करामत त्याची. शिवाय ती आधी भांडी विसळून आली होती, आणि गार बोटांवर हे यंत्र गडबडतं. एक-दोन अंक तर ते एरवीही इकडेतिकडे करतं.

‘नाक मोकळं होतं.’ तसं वाटतं, एवढं कबूल. 1983 साली ब्रिटनमध्ये कापूर, निलगिरी आणि मेंथॉलची वाफ देऊन नाकातला हवेचा अडथळा मोजला होता. अडथळा होता तेवढाच राहिला. बहुतेकांना नाकात गारवा मात्र जाणवला आणि श्वास सुटल्यासारखा वाटला.

लडाखचं म्हणाल तर लेह सुमारे 3500 मीटरवर आहे. तिथेही ऑक्सिजन 21 टक्केच, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश. तो कापराने वाढत नाही. पहिले एक-दोन दिवस आराम, त्रास वाढला तर ऑक्सिजन लावणं आणि खाली उतरणं, हाच उपाय. अँब्युलन्समध्ये सिलिंडर असतो, त्याचं काम पुरचुंडीला जमत नाही.

‘नुकसान तर नाही ना?’ इथे मात्र मी भांडतो. श्वास घेण्याची ऊर्मी मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर येते. ऑक्सिजन घसरतोय हे शरीर बरंच उशिरा कळवतं. कोविडमध्ये पातळी 85वर आलेली माणसं फोनवर गप्पा मारत होती. अशा वेळी ‘बरं वाटतंय’ म्हणून हुंगत बसलं, की हॉस्पिटल गाठायचे तास जातात. त्याच एप्रिलात केंद्राच्या आरोग्य खात्याने पातळी 94च्या खाली गेलेल्या रुग्णांना पालथं झोपायला सांगितलं होतं. त्याने फुप्फुसाचा पाठीकडचा भाग उघडतो आणि ऑक्सिजन खरोखर वाढतो. पण ते फॉरवर्ड करायला कोणाला सुचलं नाही. शिवाय कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर थोड्यानेही झटके येतात.

मावशीने मेसेज काही डिलीट केला नाही. नातवाच्या पाळण्याला बांधलेली पुरचुंडी मात्र सोडली आणि आतला कापूर आरतीच्या डबीत टाकला.