बकरी होण्यापूर्वी एवढं वाचा

घराचा हप्ता, सोसायटीची मीटिंग आणि भाच्याचं लग्न एकाच आठवड्यात अंगावर आलं असेल, तर तुम्ही बकरी व्हायला हरकत नाही. टॉमस थ्वेट्स हा ब्रिटिश डिझायनर याच वैतागातून काही दिवस खरोखर बकरीसारखा जगला होता. मात्र नुसतं 'बें' करून भागत नाही. आधी अर्ज करावा लागतो. थ्वेट्सने तो हत्ती होण्यासाठी केला आणि लंडनच्या वेलकम ट्रस्ट या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेने पैसेही दिले. (आपल्याकडे शेळ्या पाळायच्या अनुदानाला सातबारापासून सुरुवात होते, ते सोडा.) पुढे डेन्मार्कमधल्या एका शमन (म्हणजे आत्म्यांशी बोलणाऱ्या मांत्रिक) बाईंनी कौल दिला की हत्ती तुला झेपायचा नाही, बकरी हो. तेव्हा पत्रिका दाखवून घ्या.

मग पाय. तुमचे हात आखूड आणि मान उभी राहायला शिकलेली, त्यामुळे पुढचे दोन पाय खास बनवून घ्यावे लागतील. कृत्रिम अवयवांचे तज्ज्ञ गाठा. बकरीला पाय फुकट मिळतात, पण तिला प्रबंध कुठे लिहायचाय! चढावर बरं चालेल. उतारावर सगळा भार मनगटांवर आला की माणूसपण झक्कास आठवेल.

जेवणाचं मात्र नीट ठरवा. गवतातलं सेल्युलोज (म्हणजे न पचणारे तंतू) फोडणारे जीवाणू बकरीच्या पोटात असतात, तुमच्या नाही. थ्वेट्स दिवसभर स्वित्झर्लंडच्या कुरणात गवत चावून पिशवीत थुंकायचा आणि रात्री ते प्रेशर कुकरला लावायचा. म्हणजे निसर्गाशी एकरूप व्हायला निघताना गास्केट तपासून घ्या. किती शिट्ट्या, हे गवताच्या जातीवर.

कळपातले रीतिरिवाजही आहेत. एकदा हा गडी चढत चढत नकळत सगळ्यांच्या वर जाऊन उभा राहिला. खाली बघतो तर बकऱ्यांचं चरणं थांबलेलं, सगळ्यांचे डोळे याच्यावर. उंच जागा मानाची असते म्हणे. लग्नात सोफ्यावर बसलेल्या परक्या माणसाकडे आपले काका बघतात, तसंच ते बघणं असावं.

बकरी साधी वाटत असेल तर चार्ल्स फॉस्टर यांचा मार्ग धरा. ऑक्सफर्डचे विद्वान, पण वेल्समध्ये बिळात राहून बिज्जू (म्हणजे बॅजर) झाले, सोबत आठ वर्षांचा मुलगा. (शाळेच्या वहीत कारण काय लिहिलं असेल?) पाणमांजर झाले, लंडनमध्ये कोल्हा झाले, हरिण होऊन स्वतःमागे शिकारी कुत्राही लावून घेतला. बिज्जू असताना त्यांनी गांडुळं खाल्ली, आणि कुठल्या प्रांतातल्या गांडुळाची चव कशी, हे वाइनच्या रसिकासारखं लिहून ठेवलं. बिज्जू हे करत नाही. तो गिळतो आणि पुढच्याकडे वळतो. तुम्ही मात्र दर घासाला अभिप्राय द्या, नाहीतर प्रकाशक विचारणार नाही.

एवढं जमलं की मानसन्मानही मिळतो. २०१६ मध्ये या दोघांना जीवशास्त्राचं इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, विभागून मिळालं. बक्षीस म्हणून दहा लाख कोटी डॉलरची नोट. झिम्बाब्वेची, आदल्याच वर्षी चलनातून बाद झालेली. ती खिशात घालून पुन्हा कुरणावर जाऊ नका. तिथल्या बकऱ्या खऱ्या आहेत, कागद खातात.