आर्टिस्ट व्हिलेजबद्दलच्या माझ्या मेसेजचा खुलासा

रविवारी मी आपल्या ग्रुपवर टाकलेला मेसेज आता नवी मुंबईत बेलापूरभर फिरतोय: 'सीबीडी बेलापूरमधली आर्टिस्ट व्हिलेज ही घरांची वसाहत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी युरोपातल्या खेड्यावरून उचलली आणि मजले चढवून रहिवाशांनी मूळ आराखडा मोडला.' दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. मला आला तसा तो न तपासता पुढे ढकलला, चूक माझी.

नंतर कोरियांचं स्वतःचं लिखाण वाचलं. १९८३ ते १९८६ या काळातल्या या वसाहतीच्या मुळाशी आपलंच अंगण आहे. साधारण आठ मीटर लांबी-रुंदीचा चौक, भोवती सात घरं. असे तीन गट मिळून आणखी मोठा चौक. आपल्या हवेत उघड्या आकाशाखालची जागा म्हणजे घरातली एक खोलीच, असं ते मानत. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, तीही मुद्दाम: ज्याला त्याला ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावं. आज तिथे उभा असलेला प्रत्येक बंगला त्यांना आवडला असता असं मी म्हणणार नाही (काही मलाही पटत नाहीत), पण वाढवायची मुभा आराखड्यातच होती.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. जिथे पाठवला असेल तिथे हा टाका.