नेत्सुकेच्या दोन भोकांतून पैसा येत नाही

परवा रात्री साडेनवाला मावशीचा फोन. "अगं तू जपानी शिकवतेस ना, मग हा उंदीर कुठल्या दिशेला तोंड करून ठेवायचा तेवढं सांग." मला आधी कळेचना. मग तिने फोटो पाठवला, पिवळट रंगाचा आक्रोडाएवढा उंदीर, देवघरात चांदीच्या वाटीत बसवलेला. मागोमाग तो मेसेज आला, जो एव्हाना तुमच्याही कुठल्यातरी ग्रुपवर येऊन गेला असणार.

मेसेजचा सारांश असा. जपानी सामुराई युद्धावर जाताना 'नेटसुकी' नावाचा सिद्ध ताईत कमरेला बांधायचे. त्याच्या खालच्या दोन छिद्रांपैकी एकातून धन आत येतं आणि दुसऱ्यातून दारिद्र्य बाहेर जातं, म्हणून छिद्रात दोरी घालू नये. उंदीर म्हणजे मूळचा आपल्या गणपतीचा मूषक. प्रत्येक प्राण्याचं फळ ठरलेलं आहे आणि कवटी असेल तर घरात आणू नये. अस्सल वस्तू हस्तिदंताचीच असते, १०० वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे कायद्याची भीती नाही आणि तळाला सही असली की खरी समजावी. शेवटी विकणाऱ्याचा नंबर. मावशीने त्या नंबरावर ४,८०० रुपये भरले. पेन्शनमधले. म्हणून मला राग आलाय आणि म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी ती भोकं, कारण तिथे तर कमालच केलीये.

नेत्सुके (उच्चार करताना त्यातला उ जवळजवळ गिळतात, नेत्स्के असंच ऐकू येतं) ही रोज वापरायची वस्तू होती. किमोनोला आपल्या शर्टपँटसारखे खिसे नसतात. किरकोळ गोष्टी बाहीत राहायच्या, पण तंबाखूचा बटवा, पैशाची थैली, औषधाच्या गोळ्या ठेवायची इन्रो नावाची कप्प्याकप्प्यांची डबी हे सगळं दोरीने कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे ओबीला, लटकवायचे. दोरी ओबीच्या मागून वर काढायची आणि ती सटकून खाली जाऊ नये म्हणून वरच्या टोकाला एक गोटी हवी, ती गोटी म्हणजे नेत्सुके. मध्ये ओजिमे नावाचा एक मणी असतो, तो खाली सरकवला की डबी घट्ट बंद होते. 'ने' म्हणजे मूळ, 'त्सुके' म्हणजे जोडणं. आपल्याकडे जुन्या बायका कमरेला किल्ल्यांचा छल्ला खोचायच्या ना, काम साधारण तेच.

आता या गोटीतून दोरी जायला वाट नको का? तीच ती दोन भोकं. त्यांना हिमोतोशी म्हणतात, शब्दशः 'दोरी जाण्याची वाट'. ज्या भोकांच्या नावातच दोरी आहे त्यांच्यात दोरी घालू नका म्हणे! आणि जुनं नेत्सुके उलटं करून नीट बघा, बऱ्याच वेळा एक भोक लहान असतं आणि एक मोठं. कारण दोरीची टोकं ओवून मारलेली गाठ मोठ्या भोकात आत ओढून घ्यायची, म्हणजे ती बाहेर दिसत नाही आणि कपड्याला घासत नाही. कारागिराने हे इतकं बारकाईने ठरवलेलं असतं की भोकं कुठे पाडली यावर नेत्सुके अंगावर सरळ बसणार की तोंड फिरवून हे ठरतं. काही नेत्सुकेंना तर भोकं पाडलेलीच नसतात, माकडाचा हात आणि पोट यांच्यामधल्या नैसर्गिक फटीतूनच दोरी जाते. मग त्यांचं धन कुठून येणार, याचं उत्तर मेसेज लिहिणाऱ्याने द्यावं.

आकारही याच कामातून आलाय. शेपूट अंगाभोवती गुंडाळलेली, पाय पोटाशी घेतलेले, कान मागे चिकटलेले, कारण टोकदार काही बाहेर आलं तर ते बाहीत अडकणार किंवा मोडणार. वर्षानुवर्षं हाताळून आणि कपड्याला घासून कडा मऊ होतात, रंग गडद होतो, जपानीत त्याला 'नारे' म्हणतात आणि जाणकार लोक तीच झीज बोटांनी शोधत असतात. क्योटोला मिबू भागात एका जुन्या सामुराई घराण्याच्या वाड्यात २००७ पासून फक्त नेत्सुकेचं म्युझियम आहे, तिथे मी काचेला नाक लावून दोन तास काढलेत. ज्यांनी ही इतकी छोटी गोष्ट इतक्या जीवाने केली त्यांच्या कामाला असं पैसे ओढायचं मशीन करून टाकलेलं मला खरंच सहन होत नाही.

सामुराई आणि युद्ध, हे थोडक्यात. नेत्सुकेची भरभराट झाली ती एदो काळात, १६०३ ते १८६८, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षांच्या शांततेत. सामुराई इन्रो लावायचे, नेत्सुके वापरायचे, हे मान्य. पण मोठं गिऱ्हाईक होतं शहरातला व्यापारी. त्याच्याकडे पैसा होता पण त्याने काय घालावं यावर सरकारचे निर्बंध होते, मग हौस भागवायची ती अशा छोट्या वस्तूंवर. रणांगणातला ताईत वगैरे कुठून आणलं माहीत नाही.

आता गणपतीचा मूषक. इथे मला थोडं मागे यावं लागेल, कारण भारताचा संबंध पूर्ण खोटा नाहीये. नेत्सुकेवर उंदीर वारंवार दिसतो तो दाइकोकु या देवामुळे, भाताच्या पोत्यांवर उभा, हातात लाकडी हातोडा, खांद्यावर झोळी, चेहरा हसरा. हा दाइकोकु म्हणजे आपला महाकाल, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेला, नावाचा अर्थसुद्धा तोच, 'महान काळा'. जपानमध्ये सात भाग्यदेवता मानतात, हा त्यातला एक, आणि त्यांच्यातलीच बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती. इतपत बरोबर. पण उंदीर गणपतीकडून आलेला नाही. जपानमध्ये महाकालाची ओकुनिनुशी या तिथल्या देवाशी सांगड घातली गेली, आणि ७१२ साली लिहिलेल्या 'कोजिकी' या जुन्या जपानी ग्रंथात गोष्ट आहे की हा ओकुनिनुशी आगीने वेढला गेला तेव्हा एका उंदराने त्याला जमिनीतली पोकळी दाखवून वाचवलं. गणपती जपानमध्ये आहे, वेगळा आहे, कांगितेन नावाने, बहुतेक देवळांत त्याची मूर्ती दर्शनाला खुली नसते आणि त्याला मुळा वाहतात. मग त्या उंदराला ओढूनताणून मूषक कशाला करायचं?

खरा दुवा हवाच असेल तर तो गोष्टींमध्ये आहे, आणि तो कुणी फॉरवर्ड करत नाही. माकड आणि ऑक्टोपस झटापट करतायत असं नेत्सुके फार लोकप्रिय होतं. गोष्ट अशी की समुद्रातल्या नागराजाच्या घरी (ऑक्टोपस त्याच्याच दरबारातला) आजारपण, औषध म्हणून माकडाचं काळीज हवं, माकडाला फसवून आणतात आणि ते म्हणतं, अरे काळीज तर झाडावरच राहिलं! ओळखलंत ना? माकड आणि मगरीची आपली गोष्ट, पंचतंत्रातली, जातकातली. आपल्या आजीने सांगितलेली गोष्ट तिकडे कुणाच्यातरी कमरेवर लटकत होती.

प्राण्यांची ठरलेली फळं हा भाग अर्धा खरा. शब्दांवरच्या कोट्या जपानी लोकांना प्रिय आहेतच. बेडूक म्हणजे काएरु आणि परत येणं म्हणजे पण काएरु, म्हणून प्रवासातून सुखरूप परतावं या भावनेने बेडूक, आणि आजही पैसा परत यावा म्हणून पाकिटात छोटा बेडूक ठेवणारे आहेत. फुगलेल्या चिमणीच्या नावात 'फुकु' म्हणजे भाग्य ऐकू येतं. आपल्या जन्मवर्षाचा प्राणी वापरायची पद्धतही होती. पण याचा अर्थ दुकानातल्या रेटकार्डसारखं प्रत्येक प्राण्यापुढे फळ लिहिलेलं नसतं. कित्येक नेत्सुके निव्वळ गंमत म्हणून आहेत. एकात माणूस उंदराचा सापळा जीव खाऊन दाबून धरतोय आणि उंदीर निवांत त्याच्याच पाठीवर बसलाय, यात कसला धनलाभ? आणि कवटी अशुभ अजिबात नाही, ती सगळं नाशवंत आहे ही बौद्ध आठवण आहे.

सहीचं एक वाक्यात संपवते. १७८१ मध्ये ओसाकाच्या इनाबा त्सूर्यू नावाच्या माणसाने 'सोकेन किशो' छापलं, खरं तर तलवारीच्या साजाबद्दलचं सात भागांचं पुस्तक, पण त्यात पन्नासहून जास्त नेत्सुके कारागिरांची माहिती आहे, आणि त्याने तेव्हाच लिहून ठेवलंय की क्योटोच्या तोमोतादा या कारागिराच्या नक्कल केलेल्या वस्तू बाजारात पुष्कळ आहेत. तोमोतादा बसलेल्या बैलांसाठी प्रसिद्ध. म्हणजे खोटी सही अडीचशे वर्षांपूर्वीही होती. उलट त्याच पुस्तकात मान दिलेला ओसाकाचा योशिमुरा शूझान, लाकडावर रंगकाम करणारा, तो सहीच करायचा नाही.

आता हस्तिदंत, आणि हे कृपया नीट वाचा, कारण इथे माणूस खरोखर अडकू शकतो. एक तर सगळी नेत्सुके हस्तिदंताची नसतात. त्सुगे म्हणजे बॉक्सवुडचं लाकूड, हरणाचं शिंग, रानडुकराचा सुळा, बियांची कवचं, लाख, चिनीमाती, सगळ्यात केलेली आहेत, आणि लाकडातली कित्येक दातातल्यांपेक्षा सरस आहेत. हस्तिदंत जे वापरलं गेलं त्यातलं बरंचसं शामिसेन वाद्याच्या मोठ्या नख्या कापून उरलेले तुकडे असायचे.

दुसरं, तो १०० वर्षांचा नियम. तो अमेरिकेतला आहे, तिथेही कागदपत्रांनी वय सिद्ध करावं लागतं. ब्रिटनमध्ये सवलती आहेत त्याही मोजक्या. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहे, १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकन हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. जुनं आहे, आजोबांचं आहे, कलाकृती आहे, म्हणून विकत घेता येत नाही. काही विक्रेते म्हणतात हा हत्तीचा नाही, मॅमथचा दात आहे. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मॅमथचं हस्तिदंतही या बंदीतच येतं असं सांगितलंय. त्यामुळे 'काळजी करू नका, अँटिक आहे' म्हणणारा एकतर खोटं बोलतोय किंवा तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय. म्युझियममध्ये बघा, फोटो बघा, विकत घेऊ नका.

मावशीच्या बाबतीत, नशीब म्हणा, तो हस्तिदंत नव्हताच. रविवारी जाऊन भिंगाखाली बघितला. पाठीवरून पोटापर्यंत साच्याची बारीक रेघ, कानामागे दोन हवेचे बुडबुडे, खऱ्या हत्तीच्या दाताला आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते ती कुठेच नाही. रेझिन, म्हणजे साच्यात ओतलेलं प्लास्टिक. मावशी म्हणाली, "पण सही आहे की गं खाली." सहीसुद्धा साच्यातलीच होती, खोदलेली नाही, तिच्या कडा उंदराच्या मिशांइतक्याच बोथट.

मग मी तिच्या शिवणाच्या डब्यातली गोंड्याची रेशमी दोरी घेतली आणि दोन्ही भोकांतून ओवून गाठ मारली. दोन्ही भोकं सारखीच, सुईच्या नेढ्यापेक्षा जरा मोठी. गाठ काही केल्या आत जाईना. मावशीने माझ्या हातातून घेऊन स्वतः दोनदा करून बघितलं, मग चष्मा काढला आणि म्हणाली, "हे कुणी कधी कमरेला बांधलेलंच नाही." मेसेज तिने ग्रुपवरून काढलाय, पण तोवर तो तिच्या भिशीच्या बायकांकडे गेला होता आणि त्यातल्या दोघींनी बेडूक मागवलाय. त्यांना हे पाठवा.