रात्रीच्या दोन तासांचा हिशेब कुठे चुकतो

नोकरी सांभाळून फ्रीलान्स मार्केटिंग सुरू करू पाहणाऱ्यांना एक सल्ला सर्रास दिला जातो : रोज रात्री दोन तास पुरतात, ऑफिसच्या वेळेबाहेर तुम्ही काय करता याच्याशी कंपनीला देणेघेणे नाही, भांडवल लागत नाही आणि दोन-तीन ग्राहक मिळाले की राजीनामा द्यावा. जोडधंद्याचा विचार मला मनापासून पटतो, आणि म्हणूनच हे चारही दावे जसेच्या तसे स्वीकारणे मला धोक्याचे वाटते.

दोन तासांचा दावा आधी पाहू. तेवढा वेळ काढता येईलही, पण काम तो वेळ रात्रीच मागेल याची खात्री कोणी दिली? गूगल जाहिरातींमध्ये आपण ठरवतो ते दिवसाचे बजेट सरासरी असते. एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो आणि महिन्याची कमाल मर्यादा त्या बजेटच्या ३०.४ पट असते. समजा, रात्री ११ वाजता जाहिरात मोहीम सुरू केली, सकाळी ग्राहकाच्या वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म बंद पडला आणि तुम्ही दिवसभर मीटिंगमध्ये अडकलात. क्लिक येत राहतात, पैसे कापले जातात, चौकशी मात्र एकही पोहोचत नाही, आणि ग्राहकाचे मिस्ड कॉल तुम्हाला संध्याकाळी दिसतात. म्हणून नोकरदाराने सुरुवातीला चालू जाहिराती सांभाळण्याचे काम घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जाहिरात खात्याची तपासणी, वेबसाइटचा मजकूर, नव्या ग्राहकांना आपोआप जाणाऱ्या ईमेलची मालिका, ही कामे ठरलेल्या तारखेला पूर्ण करून सोपवता येतात आणि दिवसा तुमची हजेरी मागत नाहीत.

कंपनीला देणेघेणे नाही, हा दावा तर नियुक्तीपत्र न वाचताच केलेला असतो. बाहेरच्या कामासाठी लेखी परवानगी, स्पर्धक व्यवसायाला मनाई, कंपनीच्या ग्राहकांशी परस्पर व्यवहार न करण्याची अट आणि नोकरीच्या काळात केलेल्या कामावर कंपनीचा मालकीहक्क, अशी कलमे अनेक करारांत असतात. कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा कंपनीने पैसे भरलेल्या सॉफ्टवेअरवर आपल्या ग्राहकाचे काम केले, तर वाद आणखी चिघळतो. शिवाय हा व्यवसाय लपवून करता येत नाही, कारण काम मिळवायचे तर आपले नाव आणि आपली सेवा चारचौघांत मांडावीच लागते. त्यापेक्षा कोणती सेवा देणार, कोणत्या क्षेत्रातले ग्राहक घेणार नाही आणि स्वतःचीच साधने वापरणार, हे सांगणारा ईमेल वरिष्ठांना आणि मनुष्यबळ विभागाला पाठवावा आणि लेखी होकार आल्यावरच पहिला ग्राहक घ्यावा.

भांडवलाबाबत थोडक्यात सांगतो. खर्च कमी असतो, शून्य नसतो. स्वतःचा लॅपटॉप, डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि कराची तजवीज लागतेच. जाहिरातीचे खाते ग्राहकाच्या नावावर आणि पैसे ग्राहकाच्याच कार्डावरून, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळावा. आपल्या कार्डावरून खर्च केला, की आपण नकळत ग्राहकाला उधारी देऊ लागतो.

राहिला राजीनाम्याचा प्रश्न. शोध निकालांत वर येण्यासाठी केलेल्या सुधारणांचा परिणाम दिसायला साधारणपणे चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलचेच मार्गदर्शन सांगते. एवढा धीर नसलेला ग्राहक त्याआधीच काम थांबवतो आणि दोनच ग्राहक असतील, तर त्या दिवशी अर्धे उत्पन्न जाऊ शकते. त्यामुळे ग्राहकांची संख्या मोजून निर्णय घेऊ नये. मुदत संपल्यावर किती जणांनी आपणहून करार पुढे चालू ठेवला आणि घरखर्चाचे किती महिने बाजूला साठले, हे दोन आकडे हाती आल्याशिवाय राजीनाम्याचा मसुदाही लिहू नये.