आरएफ 23 ठेवलं म्हणजे फाइल 700 एमबीत बसेलच असं नाही

व्हिडिओचं काम करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘हँडब्रेकमध्ये आरएफ 23 ठेवा, प्रीसेट व्हेरी स्लो करा. तासाभराचा व्हिडिओ 700 एमबीत बसतो, क्वालिटी जराही जात नाही. मग मूळ फाइल उडवा.’ हँडब्रेक म्हणजे व्हिडिओ दाबून फाइल लहान करणारं सॉफ्टवेअर, आणि प्रीसेट म्हणजे ते काम किती सावकाश करायचं त्याचं सेटिंग. लोक मेसेजप्रमाणे करतातही, म्हणून हे लिहितोय.

आधी 700 एमबीचं बघू. आरएफ हा क्वालिटीचा आकडा आहे, साइजचा नाही; आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला. दर्जा साधारण एवढा राख, इतकंच आपण एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबणाऱ्या प्रोग्रामला, सांगतो. त्याला किती बिट लागतील ते समोरचं चित्र ठरवतं. माझ्याकडे एकाच कॅमेऱ्याने घेतलेली दोन शूटिंग होती. एक कीर्तनाचं: कॅमेरा स्टँडवर, मागे देवळाची भिंत, हलतात ते फक्त बुवा आणि टाळकरी. दुसरं विसर्जन मिरवणुकीचं: कॅमेरा हातात, समोर ढोलपथक, हवेत गुलाल. भिंत एन्कोडर आधीच्या फ्रेमवरून तशीच उचलतो. गुलालाचा कण मात्र दर फ्रेमला नव्या जागी, तिथे उचलणार काय? दोन्हीकडे आरएफ 23च होतं, तरी मिरवणुकीची फाइल मिनिटामागे कितीतरी पट मोठी झाली.

साइज ठरलेलीच असेल तर सरळ हिशेब मांडा. एका बाइटचे 8 बिट, म्हणून 700 गुणिले 8 म्हणजे 5600 मेगाबिट. तासाच्या 3600 सेकंदांनी भागलं की सेकंदाला साधारण 1550 किलोबिट. आवाजाचे 128 काढा, थोडी जागा मोकळी ठेवा, चित्राला 1400 उरतात. हा बिटरेट (सेकंदाला किती बिट) टाकून टू-पास लावा: पहिल्या फेरीत एन्कोडर अवघड जागा हेरतो, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे बिट वाटतो. टू-पासने आरएफपेक्षा दर्जा वाढतो असंही काही जण सांगतात, तेही खरं नाही. तेवढीच फाइल आरएफने झाली असती तर चित्र जवळपास तसंच दिसलं असतं. टू-पासचा फायदा एवढाच की साइज आधी ठरवता येते.

आणि 1400 किलोबिटमध्ये 1080 रिझोल्युशनची मिरवणूक कोंबली तर गुलालाचे चौकोन दिसतात. अशा वेळी मी सरळ 720 करतो. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात, चित्र जरा मऊ दिसतं, पण फुटत नाही.

व्हेरी स्लोचं थोडक्यात: आरएफ तेच ठेवून प्रीसेट संथ केला तर मुख्यतः वेळ जास्त लागतो आणि बहुतेकदा फाइल थोडी लहान होते. दर्जा उडी मारत नाही. शिवाय 23 हा आकडा एक्स264 या एन्कोडरचा. एक्स265 या दुसऱ्या, नव्या एन्कोडरचं मूळ सेटिंगच 28 आहे. तिथे 23 ठेवलंत तर 28च्या मानाने साइज वाढेल.

‘क्वालिटी जराही जात नाही’ हे तर साफ चूक आहे. एक्स264मध्ये काहीही न गमावणारा आरएफ 0, बाकी प्रत्येक आकड्यावर काहीतरी जातंच. 23वर ते सहसा डोळ्यांना जाणवत नाही, हे खरं. पण त्याच फाइलवरून उद्या पुन्हा एडिट करून एक्सपोर्ट केलंत की त्या तोट्यावर नवा तोटा चढतो, आणि गेलेलं कुठल्याही सेटिंगने परत येत नाही.

म्हणून मूळ फाइल उडवू नका, कृपा करून. हार्ड डिस्क भरली असेल तर दुसरी घ्या. त्या मिरवणुकीत शेवटच्या रांगेत ढोल वाजवणारी एक मुलगी आहे. माझ्या 700 एमबीच्या फाइलमध्ये तिचा चेहरा गुलालात विरघळलाय. मूळ फाइलमध्ये तिच्या मनगटावर बांधलेला रुमालसुद्धा स्पष्ट दिसतो.